पडदा दूर होतो, की वस्तू डोळ्यांपुढे येते?

प्रश्न : शरणपूर भागातील एका स्नेह्यांच्या घरी मराठी बायबल चाळताना शेवटच्या पुस्तकाचे नाव ‘प्रकटीकरण’ असल्याचे दिसले. इंग्रजीत त्यालाच ‘रेव्हलेशन’ म्हणतात. मी आजवर या शब्दाचा अर्थ ‘साक्षात्कार’ असाच समजत आलो. मूळ शब्दाचा अर्थ काय, आणि मराठीत योग्य शब्द कोणता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘रेव्हलेशन’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘वेलुम’ म्हणजे पडदा किंवा आच्छादनाचे वस्त्र, आणि ‘रेवेलारे’ म्हणजे तो पडदा मागे सारणे. येथे ‘रे’ या उपसर्गाचा अर्थ ‘पुन्हा’ असा नसून ‘उलट, मागे’ असा आहे. बायबलमधील त्या पुस्तकापुरते बोलायचे तर लॅटिनच्याही मागे ग्रीक शब्द आहे. मूळ ग्रीक पुस्तकाचा पहिलाच शब्द ‘अपोकालुप्सिस’ असा आहे आणि त्याचा अर्थही ‘झाकण दूर करणे’ हाच होतो. आज ‘अपोकॅलिप्स’ म्हटले की जगबुडी किंवा सर्वनाश डोळ्यांपुढे येतो. पण तो अर्थ शब्दात मुळीच नव्हता, पुस्तकातील संहाराच्या वर्णनांमुळे तो शब्दाला नंतर चिकटला.

आता आपला ‘साक्षात्कार’ पाहा. ‘स’ म्हणजे सह आणि ‘अक्षि’ म्हणजे डोळा, यांतून ‘साक्षात्’ झाला. ‘साक्षी’ हा शब्दही त्याच घरातला. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या ‘निरुक्त’ या ग्रंथात ऋषींना ‘साक्षात्कृतधर्माणः’, म्हणजे धर्म प्रत्यक्ष पाहिलेले, असे म्हटले आहे. या शब्दात पडदा कोठेही नाही. पाहणाऱ्याचा डोळा आहे. माझ्या मते दोन्ही शब्दांतील खरा फरक हाच आहे. ‘रेव्हलेशन’मध्ये जे झाकलेले आहे ते उघडे होते आणि उघडणारा बहुधा ईश्वर असतो, तर ‘साक्षात्कारा’त भर पाहणाऱ्याच्या अनुभवावर असतो. म्हणूनच टाकळीतील बारा वर्षांच्या तपश्चर्येची परंपरागत हकिकत सांगताना समर्थांना रामाचा साक्षात्कार झाला असे आपण म्हणतो. तेथे ‘प्रकटीकरण’ कानाला खटकेल.

‘प्रकटीकरण’ हा शब्द बायबलच्या भाषांतरात चपखल बसतो, याचे कारण त्यातील दीर्घ ‘टी’मध्ये आहे. जे आधी तसे नव्हते ते तसे करणे, हा अर्थ दाखवण्यासाठी पाणिनीने ‘च्वि’ प्रत्यय सांगितला आहे, आणि त्याच्या योगाने ‘प्रकट’चे ‘प्रकटी’ होते. म्हणजे जे उघड झाले ते पूर्वी गुप्त होते, हे शब्दाची घडणच सांगते. ग्रीक शब्दातील झाकण येथे प्रत्ययाच्या रूपाने आले आहे. इंग्रजीत बरेच जण पुस्तकाचे नाव चुकून अनेकवचनी उच्चारतात; मराठी नावात त्या चुकीला वाव राहिलेला नाही.

शब्दशः पाहिले तर ‘अनावरण’ सर्वांत जवळचा. परंतु तो मराठीत पुतळ्यांना आणि कोनशिलांना वाहिला गेला आहे. वर्तमानपत्रांत कोणी दडवलेली भानगड बाहेर काढली की ‘गौप्यस्फोट’ होतो, आणि तेथे तोच योग्य. आपल्या भागात मात्र याहून जिव्हाळ्याचा एक शब्द आहे: ‘दृष्टांत’. संस्कृतात त्याचा अर्थ उदाहरण. मराठीत तो अर्थ टिकून राहिलाच, शिवाय वणीच्या देवीने स्वप्नात येऊन काही सांगितले तर भाविक ‘देवीने दृष्टांत दिला’ असेही म्हणतात. देणारी देवी, घेणारा भक्त आणि मधे स्वप्न, इतके सारे एका क्रियापदात मावते. स्वप्नातून मिळालेल्या संदेशासाठी याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

तेव्हा पुस्तकाचे नाव ‘प्रकटीकरण’ हेच योग्य आहे, आणि साधकाच्या अनुभवाविषयी लिहिताना आपला ‘साक्षात्कार’ही योग्यच. पडद्याची कल्पना परकी मात्र समजू नये. ‘हिरण्मयेन पात्रेण सत्यस्यापिहितं मुखम्’, सोन्याच्या पात्राने सत्याचे मुख झाकले आहे, असे म्हणून ईशोपनिषदातील ऋषी पूषन् देवाला विनवतो : ‘अपावृणु’, म्हणजे ते झाकण दूर कर.