बोअरच्या पाण्याला दर लावला तर उपसा थांबेल का?

पर्यावरणाच्या प्रश्नांना अर्थशास्त्र लागू पडते का आणि भूजलाला दर लावला तर उपसा कमी होईल का, असे आपण विचारले आहे. मी लातूर जिल्ह्यात हाच विषय शिकवला आणि स्वतःच्या रानात त्याच विषयात नापास झालो, म्हणून लिहितो.

आमची विहीर पंचावन्न फुटांची. २०१२ च्या दुष्काळात थोरल्या चुलतभावाने बांधाच्या पलीकडे बोअर घेतले. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरून जागा दाखवली, रात्रभर रिग धडधडली आणि साडेतीनशे फुटांवर राखाडी भुकटीऐवजी चिखल येऊ लागला, तेव्हा दादांनी गुलाल उधळला. महिन्याभरात आमच्या विहिरीत घागर बुडेना. मी विचारायला गेलो, तर म्हणाले, "माझ्या रानात माझं बोअर, तुला काय त्रास?" कायद्याने त्यांचेच खरे होते, जमिनीखालचे पाणी जमीनमालकाने उपसावे, ही मुभा १८८२ च्या ईझमेंट कायद्यापासून चालत आली आहे. मग मी पतसंस्थेचे कर्ज काढून पावणेपाचशे फूट गेलो, दोन उन्हाळ्यांनी त्यांचे बोअर आटले आणि ते सहाशेवर गेले. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते, त्यामुळे आम्ही दोघे एकच पाणी निरनिराळ्या खर्चाने ओढत होतो. रिगवाला मात्र दोघांकडूनही फुटाच्या हिशोबाने पैसे घेऊन गेला.

लिटरमागे दर लावा असे सुचवणाऱ्याने बांधाबांधावरच्या बोअरला मीटर कोण बसवणार आणि कोण वाचणार, हे आधी सांगावे. आमचा उपसा ज्या किमतींवर ठरतो त्या दुसऱ्याच आहेत. वर्षानुवर्षे वीजबिल मोटरीच्या अश्वशक्तीवर आले, म्हणजे पुढचा तास फुकट. एप्रिल २०२४ पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंत सगळेच माफ आहे. दुसरीकडे उसाला एफआरपी आहे, म्हणजे कारखान्याने द्यायलाच हवा असा सरकारने ठरवलेला किमान दर. उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या रेल्वेत पाच लाख लिटर पाणी होते, तेव्हा एका हेक्टर उसासाठी तशा चाळीस खेपा कराव्या लागल्या असत्या. त्या उन्हाळ्यात दादांचा ऊस उभा होता.

अर्थात, तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर पोत्यांची रांग ताटकळत राहते, त्यामुळे ऊस लावणारा मूर्ख नाही, हेही मान्य करायला हवे. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक संपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी राखू शकतात हे दाखवल्याबद्दल, आणि नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली व शेतीसाठी बोअर बंद केले. तेव्हा वीज आणि पीकभावातल्या सवलती बदलाव्यात आणि उरलेले बांधावर बसून ठरवावे, एवढेच माझे उत्तर आहे.

बांधावर बसणे सोपे नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. एकच मोटर ठेवू, तासांवर पाणी वाटू, ऊस कोणीच लावायचा नाही, असे मी दादांना दोनदा सुचवले. ते म्हणाले, "आधी तुझं बोअर बंद कर." मी केले नाही. तेही आता कोरडे पडले आहे, तोंडावर दगड ठेवला आहे.