अळूच्या पानासारखं रेन-कव्हर: आधी घासून बघा

तुम्ही लिहिलंय की अळवावरून पाणी ओघळतं तसं बॅगेच्या कव्हरवरून ओघळावं म्हणून कोटिंग केलं, सॅम्पलवर झकास चाललं आणि आता लोकलमध्ये वापरून वापरून पट्ट्याजवळचा भाग ओला राहतो. अहो, सेम आमची स्टोरी! पाणी न चिकटू देणारे पानावरचे बारीक उंचवटे, त्यावरचं मेण, कमळाच्या पानावर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉटने केलेलं काम वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडतो.

पान जिवंत असतं, मेण गेलं तर ते परत तयार करू शकतं, आपलं कोटिंग गेलं की गेलं. दादरच्या मार्केटातून अळूची जुडी आणा, एका पानाचा अर्धा भाग अंगठ्याने जोरात चोळा आणि दोन्हीकडे थेंब सोडा. न चोळलेल्या बाजूला थेंब गोटीसारखा पळतो, चोळलेल्या बाजूला पसरून चिकटतो. (उरलेल्याच्या वड्या करा, चिंच विसरू नका.)

आम्हाला सगळ्यात महागात पडली ती एक टेस्टिंग लॅब, नाव घेत नाही. स्प्रे टेस्टमध्ये कापड 45 अंशात तिरकं लावून वरून 250 मिली पाणी सोडतात आणि किती भिजलं ते बघतात. आम्ही म्हटलं, आधी घासा, मग पाणी सोडा. तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, फॉर्ममध्ये तसा कॉलम नाही, घासण्याची मार्टिंडेल (यंत्रावर कापड घासून झीज बघायची टेस्ट) वेगळी, स्प्रे वेगळी, सॅम्पलही वेगवेगळे द्या. आता मार्टिंडेलचा तुकडा एवढासा गोल असतो, स्प्रेला मोठा लागतो, हे खरं, पण मग दुसऱ्या कशाने तरी घासून देतो म्हणावं की नाही? दोन्ही रिपोर्ट पास आले, त्या भरवशावर धारावीत माल शिवून घेतला, कारागिरांचे पैसे चुकते केले आणि जुलैत दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. लॅबला फोन केला तर ‘रिपोर्ट फक्त दिलेल्या सॅम्पलपुरता असतो.’ छापलेलंच असतं ते खाली, बारीक अक्षरात!

त्यामुळे माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या, मी काही टेक्स्टाइल इंजिनिअर नाही: पानाचा पृष्ठभाग नका उचलू, आकार उचला. जपानच्या 500 सिरीज शिंकानसेन बुलेट ट्रेनचं नाक खंड्याच्या चोचीवरून घेतलं, ते चालतं कारण आकार असा घासून जात नाही. अळूचं पान खाली झुकतं आणि पाणी टोकाकडून गळतं, तोच उतार कव्हरला द्या, पाणी साचायलाच नको. कोटिंग हवंच असेल तर फ्लोरिनवालं टाळा, त्यातलं पीएफओए नावाचं रसायन 2019 मध्येच स्टॉकहोम कराराच्या (निसर्गात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेलंय, एक्स्पोर्टला उगाच डोकेदुखी. बिनफ्लोरिनवाल्यावर तेल टिकून बसतं हेही खरं, आणि गर्दीत बॅगेला कुणाकुणाच्या डोक्याचं तेल लागतं ते सांगायला नको.

पेटंट वगैरे डोक्यात असेल तर अर्ज टाकल्याशिवाय कुठल्या प्रदर्शनात मांडू नका, बाकी वकिलाला विचारा. आणि झिप नेमकी कुठे येतेय? शिवणीला सीम टेप (सुईच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून आतून चिकटवायची पट्टी) लावलीय का? ओलावा तिथूनही येत असेल, कोटिंगला दोष देण्याआधी कव्हर उलटं करून नळाखाली धरा.