झऱ्यांची यादी विकू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सरकारी शिष्यवृत्तीवर दोन पावसाळे सडे तुडवून तू झऱ्यांची नोंद केलीस, आणि आता एक कंपनी ‘फक्त आम्हालाच दे’ म्हणत पैसे मोजायला तयार आहे. घेऊ की नको, एवढंच विचारलं असतंस तर उत्तर एका ओळीचं होतं. पण पुढे लिहितेस, ‘सगळं फुकट वाटलं तर मोजणीचा खर्च कोण करणार? इंग्लंडातही नकाशे विकतच मिळतात.’ हे वाक्य तुझं नाही. कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय.

अगं, खर्च होऊन गेलाय. लोकांच्या करातून. लोकांच्या पैशाने मोजलेली जमीन लोकांनाच पुन्हा विकायची नसते.

इंग्लंडचंच घे. तिथली सरकारी नकाशा संस्था, ऑर्डनन्स सर्व्हे, 1791 पासूनची. नकाशे विकून पैसा उभा करायचा, हे तिचं धोरण झालं. तिचे नकाशे उतरवल्याबद्दल ऑटोमोबाइल असोसिएशन या मोटारचालकांच्या संघटनेने 2001 मध्ये तिला 2 कोटी पौंड मोजले. 2004 मध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्यांनी मिळून करायचा खुला नकाशा सुरू केला, आणि देशाने मोजून ठेवलेले रस्ते पोरांनी जीपीएस घेऊन, सायकली हाणत परत मोजले! 1 एप्रिल 2010 ला सरकारने काही नकाशे खुले केले. बारीक तपशिलाचे मात्र अजून विकतच.

अमेरिकेत संघ सरकारच्या कामावर कॉपीराइटच नाही. तरी तिथल्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांना किंमत होती, एकेक सुमारे 600 डॉलर. 2001 मध्ये वर्षभरात 25 हजारांच्या आसपास खपली. 2008 मध्ये ती फुकट केली आणि वर्षाचा आकडा लाखांच्या घरात गेला. डेन्मार्कने 2013 मध्ये आपल्या नकाशांची दारं उघडली, स्वित्झर्लंडने 2021 मध्ये. पैशाच्या बाबतीत स्विस लोक तुझ्या त्या कंपनीपेक्षा भोळे आहेत का?

आपली भारतीय सर्वेक्षण संस्था 1767 ची. भारत मोजता मोजता इंग्रज सर्वेक्षक लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला मेला. इतकं करून नकाशे कुठे राहिले? कपाटात. किनाऱ्याजवळच्या टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या सरकारी नकाशांवर, निर्बंध होते, आणि तसलंच एक शीट सही करून माझ्या ताब्यात होतं.

एका वाडीतली माणसं आली. सड्याखालच्या झऱ्याचं पाणी उताराने घरापर्यंत आणायचं होतं, मुंबईकर मंडळाने वर्गणी काढली होती. म्हणाले, ‘गुरुजी, फक्त उंची बघून सांगा.’ मी नाही म्हटलं. त्यांनी नजरेने अंदाज बांधला आणि पाइप टाकला. मधली खिंड झऱ्यापेक्षा उंच निघाली. नकाशावरचे काँटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, मोजले असते तर पाच मिनिटांत कळलं असतं. वर्गणी गेली, एका उन्हाळ्याचं श्रमदान गेलं.

मी सही केली होती, नोकरी होती, घरी दोन मुलं शिकत होती. हे तुला का सांगतोय? तू विचारलंही नाहीस. पण त्या माणसांनी नंतरही मला चहाला बोलावलं, त्याचं काय करू? सही माझी होती, नकाशा त्यांचा होता. लोकांच्या पैशाने मोजलेलं लोकांचंच.

2016 मध्ये नकाशांसाठी परवाना आणि 100 कोटींपर्यंत दंड असा मसुदा आला होता. तो बारगळला. 2017 पासून 1:50,000 प्रमाणाचे खुल्या मालिकेचे नकाशे उतरवून घेता येतात, फेब्रुवारी 2021 मध्ये बहुतेक बंधनं गेली. म्हणजे माझं कारण तुला उरलेलं नाही. तुझ्यापुढे फक्त पैसे आहेत. ते कमी नाहीत, हे मलाही कळतं. भाडं भरायचंय तुला. त्यांच्याकडे कामाचे पैसे माग. विश्लेषणाचे माग, नव्या मोजणीचे माग, चढे माग. यादीचे नकोत.

आणि हो, खुलं करताना नुसती पीडीएफ टाकून मोकळी होऊ नकोस, तो चावटपणा आहे. अक्षांश-रेखांश, तारीख, उन्हाळ्यात पाणी होतं की नाही, सगळं तक्त्यात दे. आधी त्या त्या ग्रामपंचायतीला एकेक प्रत पोचव.

त्या शीटवरून मी काढलेलं ट्रेसिंग माळ्यावर नळकांड्यात आहे. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन जा. आधी त्या वाडीचा झरा तुझ्या यादीत आहे का, ते कळव.