प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे?

प्रश्न : मॅडम, मी तासगाव तालुक्यातली. यंदा बीएस्सी फिजिक्स झालं. एमएस्सीसाठी पुण्याला विद्यापीठाच्या विभागात नंबर लागलाय आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही. घरची द्राक्षबाग आहे, पण दोन वर्षं अवकाळीनं हातात काही राहिलं नाही. कोल्हापूरला वसतिगृह मिळेल. पुण्यात नाही मिळालं तर कॉट बेसिसवर राहायचं, खोली आणि मेस धरून महिन्याला 9000 लागतील असं चुलतभाऊ म्हणतो. सगळे सांगतात, पुण्याचं नाव आहे, सोडू नको. माझी एक सीनियर कोल्हापूरला आहे. ती म्हणते, इथं सर नावानं ओळखतात, रात्री आठपर्यंत लॅबमध्ये बसता येतं. मला पुढं थिन फिल्मवर, म्हणजे काचेसारख्या पृष्ठभागावर चढवलेल्या अतिपातळ थरांवर, पीएचडी करायची आहे. पप्पा म्हणतात, तू ठरव, पैशाचं मी बघतो. काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुझ्या सीनियरचं आहे. रात्री आठपर्यंत लॅबमध्ये बसता येतं. तू ते जाता जाता लिहिलंस, मी मात्र तिथंच थांबले.

1984 साली मी एमएस्सी झाले ती ज्या विभागातून, त्याचं नाव घेतलं की लोक मान डोलवायचे. तिथं एक व्हॅक्यूम कोटिंग युनिट होतं, हवा काढून टाकलेल्या भांड्यात असे पातळ थर चढवायचं यंत्र. दोन वर्षांत ते आम्हाला एकदाच दाखवलं, तेही दारातून. किल्ली एका सरांकडे असायची आणि सर बहुधा बाहेरगावी. परीक्षेत मी त्या यंत्राची सुबक आकृती काढून पैकीच्या पैकी गुण घेतले. पुढं एमफिलला एका लहान विद्यापीठात गेले. तिथं किल्ली खिळ्याला टांगलेली असायची आणि बाजूच्या वहीत वेळ लिहून कुणीही ती घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात मी हवा उपसणारा रोटरी पंप सुरू केला, त्याच्या जोडीच्या डिफ्युजन पंपाचं तेल तापायची वाट बघत बसले, पण आतला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा काही केल्या खाली येईना. लॅबमधले मामा आले, बेल जार, म्हणजे वरचं काचेचं झाकण, उचलायला लावली आणि तिच्याखालच्या रबरी कडीकडे बोट दाखवून म्हणाले, “गॅसकेटवरून बोट फिरवा बाई.” बोटाला सुताचा एक धागा लागला. केसाएवढा. तो काढला आणि अर्ध्या तासात व्हॅक्यूम आला. गळती शोधायला मी त्या दिवशी शिकले. पुढं तीस वर्षं पोरांना मी तेच शिकवलं.

आता नावाबद्दल. पुण्याचं नाव उगाच झालेलं नाही. 1949 मध्ये स्थापन झालेलं विद्यापीठ, जयकर ग्रंथालयासारखं ग्रंथालय, आणि आवारातच आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था. पाषाणला एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. तुला खगोलशास्त्र करायचं असतं तर मी म्हणाले असते, कॉट बेसिसवर राहा, पोहे खाऊन दिवस काढ, पण पुण्यालाच जा. आयुकातली व्याख्यानं चालत जाऊन ऐकायला मिळणं ही त्या विषयातल्या मुलीसाठी फार मोठी गोष्ट आहे.

पण लोक ‘नाव’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा क्रमवारी असते. ती कशी लागते ते बघ. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत अध्यापन आणि साधनांना 30, संशोधनाला 30, निकाल आणि पुढच्या वाटचालीला 20, समावेशकतेला 10 आणि प्रतिमेला 10 असे गुण असतात. प्रतिमेसाठी नोकरी देणाऱ्यांना आणि इतर प्राध्यापकांना विचारतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला कुणी विचारत नाही. शिवाय हे गुण अख्ख्या विद्यापीठाचे. तू राहणार एका विभागात, त्यातल्या एका लॅबमध्ये. राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या गटात पुणे 2024 मध्ये तिसरं होतं, पुढच्याच वर्षी अकरावं झालं. त्या बारा महिन्यांत फिजिक्सची लॅब काही आठ पायऱ्या खाली गेली नसेल.

कोल्हापूरलाही कमी लेखू नकोस. 1962 पासूनचं विद्यापीठ, 2021 मध्ये नॅक या मूल्यांकन संस्थेची ए++ ही सर्वोच्च श्रेणी आणि थिन फिल्मच्या कामाची तिथं जुनी, भक्कम परंपरा आहे. तुझा विषयच तो आहे! नेट, सेट, गेट या परीक्षांत कुठलं विद्यापीठ म्हणून कुणी गुण देत नाही. पीएचडीच्या मुलाखतीत विचारतील ते तू स्वतः काय केलंस ते. सॅम्पल कसं बनवलं, बिघडलं तेव्हा काय केलंस. धाग्याची गोष्ट ज्याच्याकडे असते त्याला तिथं बोलायला काही असतं.

माझा कौल कोल्हापूरला. मात्र सीनियरच्या सांगण्यावर आणि माझ्याही सांगण्यावर विसंबू नकोस. प्रवेश रद्द केल्यावर पूर्ण फी परत मिळण्याची मुदत दोन्हीकडे विचारून घे आणि त्याआधी दोन्ही ठिकाणी एकेक दिवस जा, भर कामाच्या दिवशी. ऑफिसात चौकशी करून परत येऊ नको. दुपारी चारनंतर लॅबच्या बाहेर थांब. एमएस्सीची मुलं आत दिसतात की फक्त पीएचडीची? एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी नमुन्याची रचना तपासणाऱ्या यंत्राला, सॅम्पल द्यायचं तर एमएस्सीच्या मुलाचा नंबर किती दिवसांनी लागतो? गेल्या वर्षीचा प्रोजेक्ट कुणी प्रत्यक्ष लॅबमध्ये केला आणि कुणी नुसता टाइप करून बांधून घेतला? हे मुलं खरं सांगतात. मुलींच्या वसतिगृहात जाऊन रात्री परत येण्याची वेळ विचार. लॅब आठपर्यंत आणि गेट सातला बंद, असं असेल तर त्या लॅबचा तुला उपयोग नाही. पुण्यात हे सगळं उजवं दिसलं आणि वसतिगृहही मिळालं, तर माझा कौल बाजूला ठेव आणि पुण्याला जा.

कोल्हापूरला गेलीस तरी पुणं तुटत नाही. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, पहिल्या वर्षातच अर्ज कर. एनसीएलसारख्या ठिकाणी दोन महिने काम करायला मिळालं तर पुण्याचं जे खरं घेण्यासारखं आहे ते पदरात पडेल.

आणि पप्पा. “पैशाचं मी बघतो” असं बागायतदार बाप अवकाळीच्या दुसऱ्या वर्षी म्हणतो, तेव्हा तो काय बघणार आहे ते तुला माहीत आहे, म्हणूनच तू ते लिहिलंस. त्यांच्याशी एकदा आकडे मांडून बोल, दोन्हीकडचे, दोन वर्षांचे, कागदावर. पुण्याला जायचं ठरलंच तर ते त्यांनाही नीट कळलेलं असू दे. आणि दोन्ही लॅब बघून आलीस की मला लिही, किल्ली कुठं टांगलेली दिसली ते.