रविवारी मेस बंद असते

"मॅडम, मला रविवार नकोच वाटतो. असं कुणाला होतं का?"

मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसवर एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी विचारत होती. सोलापूरकडची, वसतिगृहात राहणारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन येतंच, फक्त बहुतेक जण त्याला 'अभ्यासात लक्ष लागत नाही' असं नाव देतात.

आधी झोप, भूक, रडू येणं, जगणं नकोसं होणं, सगळं विचारून घेतलं. दोन आठवडे रोजच असं चाललं असतं, तर तिला मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. पण सोमवार ते शुक्रवार ती ठणठणीत होती. तास, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, कँटीनचा चहा. शनिवारी दुपारी मुंबईकर मैत्रिणी घरी पळायच्या, नाशिक-पुण्याकडच्या मुली बॅगा उचलायच्या, आणि मजला खायला उठायचा.

इथे मी चुकले. म्हटलं, चर्चगेटला जा. ओव्हल मैदानावर एकमेकींत घुसलेल्या क्रिकेटच्या मॅचेस बघ, समोर राजाबाई टॉवर आहे, १८५७ सालचं आपलंच विद्यापीठ. तिथून चालत मरीन ड्राइव्ह. गुणी मुलगी, गेली. पुढच्या भेटीत म्हणाली, "कठड्यावर दीड तास बसले. सगळे दोघं-दोघं, नाहीतर घोळक्यानं. परतताना लोकलमध्ये रडू आलं." एकट्या माणसाला गर्दीत धाडायचा सल्ला मी तेव्हापासून बंद केला.

मग तिला अख्खा रविवार तासातासानं सांगायला लावला. अकराला उठणं, नाश्ता बुडणं, बादलीत तसेच पडलेले कपडे, मोबाइलवर मैत्रिणींचे स्टेटस. रात्री मेस बंद, म्हणून बिस्किटं. नऊ वाजता आईचा फोन, "जेवलीस का? कुणाबरोबर?"

"मी सांगते, मैत्रिणींबरोबर बाहेर आलेय. आई खूश होते मग."

एवढं बोलून ती गप्प झाली. दर रविवारी रात्री एक खोटा, मजेचा रविवार रचायचा आणि त्याच्याशेजारी आपला खरा ठेवून बघायचा. मला वाटतं, एकटेपणापेक्षा याचंच ओझं जास्त होतं.

डोंबिवलीच्या मैत्रिणीनं तिला तीनदा जेवायला बोलावलं होतं. "मेगाब्लॉक असतो ना मॅडम." अगं, तो कुठल्या ना कुठल्या मार्गावर जवळपास दर रविवारी असतोच, म्हणून काय डोंबिवलीकडे पाहुणे जात नाहीत? जरा खोदल्यावर खरं निघालं. "रिकाम्या हातानं कसं जायचं? आणि मी तिला परत कुठे बोलावू? हॉस्टेलच्या खोलीत?"

मी दोनच कामं दिली. रविवारी रात्री कुणाबरोबर तरी जेवायचं, आणि आईला एक खरं वाक्य सांगायचं. दुसऱ्याला तिनं साफ नकार दिला. आई म्हणेल, परत ये. मीही ताणलं नाही. तिच्याच मजल्यावर नंदुरबारची एक मुलगी होती, रविवारी तिच्याही खोलीत दिवा असायचा. पहिल्या रविवारी हिनं दार वाजवलं तर ती झोपलेली. दुसऱ्या रविवारी दोघी सांताक्रूझ स्टेशनजवळ डोसा खाऊन आल्या. त्यानंतर सकाळी नऊला गच्चीवर दोघींचे कपडे वाळत पडू लागले, कारण एक उठली की दुसरीचं दार वाजवायची. मन लागलं की उठू, असं म्हणत बसलं तर उठणं होत नाही. ठरलेली वेळ आणि वाट बघणारं माणूस असलं की होतं.

महिन्याभरानं नंदुरबारवाली गावी गेली आणि हिनं फोनवर सांगून टाकलं, "आज एकटीच आहे गं आई, बिस्किटं खाल्ली." आई क्षणभर गप्प. 'परत ये' म्हणाली नाही. मेस बंद असते हे आधी का नाही सांगितलंस, म्हणून रागावली मात्र भरपूर. चार दिवसांत गावच्या कुणाबरोबर तरी कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा आला. दोघींना पुरून उरेल एवढा.

त्यातलीच चटणी घेऊन ती डोंबिवलीला गेली. मेगाब्लॉक होताच. गाडी रखडत रखडत पोहोचली, तोवर चटणीचं तेल झिरपून पिशवीभर झालं होतं. "मैत्रिणीच्या आईनं आधी पिशवीच धुतली मॅडम," असं सांगताना ती खुर्चीत चांगली मागे टेकून बसली होती.