बारावीची श्रेणीसुधार परीक्षा : आधी बेरीज, मग निर्णय

प्रश्न : मुलगी फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये राज्य मंडळाची बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली. इंग्रजी 62, मराठी 81, भौतिकशास्त्र 68, रसायनशास्त्र 66, गणित 72, जीवशास्त्र 70, एकूण 69.83 टक्के. जेईई मेनमध्ये रँक चांगली होती, पण बारावीला 75 टक्क्यांच्या अटीत एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) हुकली. पुन्हा परीक्षा द्यावी का?
– एक पालक, सातारा

उत्तर : गुणपत्रिकेवरचा 69.83 हा आकडा बाजूला ठेवा. तो सहा विषयांचा, 600 पैकी आहे. एनआयटीसाठी पाचच विषय धरतात : भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचा विषय. दोन भाषा असतील तर जास्त गुणांची घेतात. म्हणजे 68 + 66 + 72 + मराठी 81 + जीवशास्त्र 70 = 357. 500 पैकी 71.4 टक्के. हवेत 375. कमी पडतात ते 18 गुण, आणि एवढे गुण वाढवता येतात. (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी ही अट 65 टक्क्यांची आहे. शिवाय आपल्या मंडळाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये बसणाऱ्यालाही 75 ची गरज नसते. त्यासाठी किती गुण लागतात तो आकडा आधी पाहून घ्या.)

2025 ला पहिल्यांदाच सर्व विषयांसह उत्तीर्ण झालेल्यांना मंडळाने श्रेणीसुधारासाठी, म्हणजे गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देण्यासाठी, लगतच्या तीन संधी दिल्या : जून-जुलै 2025, फेब्रुवारी-मार्च 2026 आणि जून-जुलै 2026. मुलीने फेब्रुवारीचीच धरावी. जुलैच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत जोसाच्या (आयआयटी-एनआयटी प्रवेशाच्या) फेऱ्या उरकलेल्या असतात. 2025 मध्ये हेच झाले. अर्ज तिच्याच कनिष्ठ महाविद्यालयातून भरायचा. 17 नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा) फॉर्म तिच्यासाठी नाही, तिथे अनेक जण चुकतात.

आता 18 गुण कुठून? भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रात्यक्षिकाचे 30 पैकी गुण बहुतेकांना भरभरून मिळतात. गळती होते ती 70 गुणांच्या लेखी पेपरात. भौतिकशास्त्रात बहुपर्यायी 10, एका गुणाचे 8, मग दोन गुणांचे 16, तीन गुणांचे 24 आणि चार गुणांचे 12 गुण असतात. थोडक्यात, 52 गुण सविस्तर उत्तरांना आहेत. जेईईच्या तयारीत मुले उत्तर काढतात, लिहीत नाहीत. सिद्धता अर्ध्यावर, आकृतीला नावे नाहीत, उदाहरणात सूत्र न लिहिता थेट आकडे, शेवटी एकक नाही. बहुपर्यायी प्रश्नातही पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावे लागतात आणि पहिलाच प्रयत्न तपासतात. खोडून पुन्हा लिहिले तर उपयोग नाही. डिसेंबरपासून दर रविवारी तीन तासांचा एक पेपर हाताने लिहून काढू द्या आणि शिक्षकाकडून तपासून घ्या. इंग्रजी सुधारण्यात वेळ घालवू नका; 70 च्या वर गेल्याशिवाय ती या बेरजेत येतच नाही.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. वाढलेले गुण एकट्याने जागा देत नाहीत; 2026 ची जेईई मेन पुन्हा द्यावीच लागेल, जुनी रँक चालत नाही. आणि श्रेणीसुधार दिल्याने बारावी पहिल्यांदा दिल्याचे वर्ष बदलत नाही. आयआयटीच्या जेईई अॅडव्हान्स्डसाठी 2025 हेच वर्ष धरले जाईल, म्हणजे तिच्या हातात 2026 ची शेवटची संधी.

प्रश्न : मुलाला भौतिक, रसायन, गणितात मिळून 58 टक्के आहेत. एमएचटी-सीईटीतून इंजिनिअरिंगसाठी बारावी पुन्हा द्यायला हवी का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. खुल्या गटाला 45 टक्के आणि राखीव गटाला 40 टक्के पुरतात. त्यापुढे गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. 58 चे 78 झाले तरी तो पर्सेंटाइल जिथल्या तिथेच राहील. वर्ष थांबायचे असेल तर ते सीईटीसाठी थांबावे. बारावीच्या गुणांवर यादी लावणाऱ्या बीएस्सी, बीकॉमसारख्या अभ्यासक्रमांचे गणित वेगळे. तिथे वाढलेला प्रत्येक गुण कामी येतो.