स्टील गिटारचा पिकअप बदलावा का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी बरेच प्रश्न एकाच वाद्याबद्दल आलेत, पेडल नसलेली स्टील गिटार, म्हणजे आपल्याकडे जिला सरळ हवाईयन गिटार म्हणतात ती. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे वाद्य माहीत झालं ते व्हॅन शिपली, सुनील गांगुली यांच्या हिंदी गाण्यांच्या रेकॉर्डमुळे, आणि आता इंटरनेटवर अमेरिकेतले जुने मॉडेल ऐकून लोकांना त्यातल्या पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलून अँपकडे पाठवणाऱ्या भागाची, ओढ लागलीय. त्यातले पाच प्रश्न घेतोय.

प्रश्न : माझ्याकडे सहा तारांची लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार) आहे, साधा सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याचा पिकअप आहे. हॉर्सशू पिकअपचे व्हिडिओ बघितल्यापासून माझी गिटार कोरडी वाटायला लागलीय. हॉर्सशू, गिब्सनचा चार्ली ख्रिश्चन, फेंडर आणि सुप्रो यांच्या आवाजात नेमका फरक काय? बाहेरून मागवायचा तर खर्च मोठा आहे. – एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, पैसे भरायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत. फरक आहे, खरा आहे, आणि ऐकू येण्याइतका आहे, पण तुम्ही व्हिडिओत जे ऐकताय ते सगळं पिकअपचं नाहीये, हे आधी सांगतो आणि मग एकेक घेऊ.

हॉर्सशू हा सगळ्यांचा बाप. १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसला जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी जी अ‍ॅल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ काढली ती लॅप स्टीलच होती, म्हणजे बाजारात नीट चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती, उभी धरायची नव्हे. पेटंटचा अर्ज १९३४ चा, मिळालं १९३७ ला. यात नालेच्या आकाराचे दोन मोठे मॅग्नेट दोन्ही बाजूंनी येऊन तारांवरून कमान करतात, कॉइल तारांच्या खाली, त्यामुळे तार मॅग्नेटच्या वर नसते तर त्याच्या पोटातून जाते. आवाज भरीव, खालच्या तारा जाड पण एकमेकींना चिकटत नाहीत, वरच्या तारा गोल आणि तरी स्वच्छ. सी सिक्स्थ ट्युनिंगमध्ये (मोकळ्या तारा सी सिक्स्थ कॉर्डच्या स्वरांत लावलेल्या) तीन-चार तारा एकदम छेडल्या की प्रत्येक स्वर वेगळा उभा राहतो, आणि माझ्या मते हॉर्सशूचं खरं मोठेपण यात आहे, त्या सुप्रसिद्ध गोडव्यात नाही. पण जेरी बर्डसारख्या नामवंत स्टील गिटारवादकांनी जो आवाज काढला तो बेकेलाइटच्या (एक जुनं कडक प्लास्टिक) जड गिटारवर, आणि हातही जेरी बर्डचा. तोच पिकअप हलक्या लाकडी फळीवर बसवला तर तो आवाज जसाच्या तसा येईल असं धरून चालू नका.

गिब्सनचा जो पिकअप आज चार्ली ख्रिश्चन म्हणून ओळखतात तो १९३५-३६ चा, वॉल्टर फुलर यांचा, आणि तो आधी लॅप स्टीलवरच आला, नाव मागाहून त्या गिटारवादकामुळे पडलं. यात प्रत्येक तारेखाली एक असे सहा वेगळे पोल (धातूचे खुंटे) नाहीत, एक सलग पट्टी आहे आणि खाली बॉडीच्या आत लांबलचक मॅग्नेट. आवाज मध्य सप्तकात जाड, उबदार. पट्टीचा एक व्यवहारी फायदा म्हणजे तारांमधलं अंतर कमीजास्त असलं तरी कुठली तार पोलच्या बाहेर पडून बारीक होत नाही. संथ चाल, एकेक स्वर धरून मींड, यासाठी मला हा फार आवडतो, जलद गतीत मात्र थोडा अंगावर येतो.

फेंडरची गोष्ट वेगळी. लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांनी १९४५ च्या आसपास ज्या स्टील गिटार काढल्या त्यात तारा कॉइलच्या मधूनच जायच्या. नंतरचे चॅम्पियनसारखे मॉडेल आले त्यांचा पिकअप फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारच्या ब्रिज पिकअपच्या (तारा जिथे बॉडीवर टेकतात तिथल्या पिकअपच्या) जवळचा नातेवाईक. आवाज लख्ख, पुढे येणारा, वेस्टर्न स्विंग या अमेरिकन नाचाच्या संगीताच्या बँडमध्ये फिडल, ट्रम्पेट, ड्रम या सगळ्यातून स्टीलला वाट काढायची असायची, तिथे हाच चालतो. घरी एकट्याने वाजवताना तो चिरका वाटू शकतो आणि मला वाटतं तुमचं तेच होतंय.

सुप्रो म्हणजे शिकागोच्या व्हॅल्को कंपनीचं नाव. तारा पिकअपच्या धातूच्या डब्यातून जातात, आवाज रांगडा, अँप थोडा वाढवला की लगेच फाटायला लागतो, ब्लूजवाले त्यासाठीच घेतात. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी तर लॅप स्टीलमधला असा पिकअप काढून आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या ब्रिजपाशी बसवला होता.

आता तुमच्या गिटारचं. पिकअपची उंची आधी बघा. स्टील गिटारवर तार फ्रेटला टेकत नाही, बार (तारांवर सरकवायचा स्टीलचा दांडा) कुठेही असला तरी तार आणि पिकअपमधलं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं, त्यामुळे साध्या गिटारपेक्षा इथे पिकअप थोडा जवळ नेता येतो. पण पोल स्वतःच मॅग्नेटचे असतील तर फार जवळ नेल्यावर जाड तार ओढली जाते आणि सुरात एक लहर येते, ट्युनर हलत राहतो, तसं दिसलं की खाली घ्या. जाड तारांची बाजू थोडी खाली, बारीक तारांची थोडी वर, स्क्रू एका वेळी अर्धा फेराच फिरवा आणि वाजवून बघा.

मग तुमचा उजवा हात. ब्रिजपासून दोन बोटं पुढे छेडलंत की चार बोटं, याने जेवढा फरक पडतो तेवढा पुष्कळदा अख्खा पिकअप बदलूनही पडत नाही. हॉर्सशूवाले वादक कमानीमुळे हात ब्रिजवर आणू शकत नाहीत, त्यांना पुढे सरकूनच छेडावं लागतं, म्हणजे तुम्ही ज्याला हॉर्सशूचा गोडवा म्हणताय त्यातला काही भाग नुसता हात पुढे असल्याचा आहे. हे आजच करून बघता येतं, फुकट.

आणि एक गोष्ट जी व्हिडिओत कुणी सांगत नाही. पिकअप एका जागी असतो पण बार सरकला की वाजणारी तार लहान होते. समजा तारेची पूर्ण लांबी साडेबावीस इंच आणि पिकअप ब्रिजपासून अडीच इंचावर, म्हणजे तारेच्या नवव्या हिश्शावर. बार बाराव्या फ्रेटवर नेलात की तार सव्वाअकरा इंच राहिली, तोच पिकअप आता तारेच्या जवळजवळ पाव हिश्शावर आला, आवाज आपोआप मऊ झाला. म्हणून एकाने तिसऱ्या फ्रेटवर वाजवलेला फेंडर आणि दुसऱ्याने बाराव्यावर वाजवलेला रिकेनबॅकर यांची तुलना करून काहीच कळत नाही. तोच तुकडा, तीच जागा, तोच बार, तेच फिंगर पिक्स, आणि आवाजाची पातळी नीट जुळवलेली हवी, कारण थोडासा मोठा असलेला आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, पातळी जुळवली की निम्मी भांडणं मिटतात.

हे सगळं करूनही कोरडं वाटलं तर चार्ली ख्रिश्चन पद्धतीचा पट्टीवाला घ्या असं मी म्हणेन, पण लाकूड किती कोरावं लागेल ते आधी मोजा, जुन्या पद्धतीचा असेल तर त्याचे मॅग्नेट बरीच जागा खातात. हॉर्सशू हवाच असेल तर पिकअप सुटा घेऊ नका, तशी अख्खी गिटार मिळेपर्यंत थांबा.

प्रश्न : मी सॅन होजेला असतो, इथे एक जुनी दोन नेकची फेंडर स्ट्रिंगमास्टर मिळाली. प्रत्येक नेकला दोन पिकअप आहेत आणि बाजूला एक छोटं चाक आहे. ते फिरवलं की आवाज बदलतो पण नक्की काय होतं कळत नाही. – एक वाचक

उत्तर : वा, छान वाद्य मिळालंय! स्ट्रिंगमास्टर १९५३ पासूनची. ते चाक म्हणजे ब्लेंड. ब्रिजजवळचा पिकअप कायम चालू असतो आणि चाकाने पुढचा पिकअप हळूहळू त्यात मिसळतो. दोन्ही पूर्ण चालू असले की आवाज जाड होतो आणि घूंऽऽ असा हम जवळजवळ जातो, कारण दोघांची वाइंडिंग आणि मॅग्नेट एकमेकांच्या उलट आहेत, बाहेरून आलेला हम एकमेकांना खातो आणि तारेचा आवाज मात्र वाढतो. चाक पूर्ण बंद केलंत की निव्वळ ब्रिजचा लख्ख आवाज, पण हम परत येतो. मधल्या जागा खऱ्या मजेच्या आहेत, चाक पूर्ण उघडून सुरुवात करा आणि वरच्या तारांना धार येईपर्यंतच मागे घ्या, मग टोनच्या नॉबला हात लावा. चाक खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुनं सोल्डर उगाच उकलू नका, मूळ वायरिंग शाबूत असलेल्या स्ट्रिंगमास्टर आता जपण्यासारख्या झाल्यात.

प्रश्न : जानेवारीत मल्टिमीटरवर पिकअप ७.४ किलोओहम दाखवत होता, मे महिन्यात ७.९. कॉइल बिघडली का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही ताई, तो तुमचा उन्हाळा आहे. तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, १७-१८ अंशांचा फरक पडला की ७.४ चे ७.९ होतातच. दोन पिकअपची तुलना करायची तर एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजा. आणि या आकड्यावरून आवाज ठरवू नका, विकणारे तो मोठ्या अक्षरात लिहितात, पण वायर बारीक वापरली तर वेढे तेवढेच असूनही आकडा वाढतो. कॉइल तुटली असेल तर मीटर काहीच्या काही दाखवेल, लाखांत जाईल किंवा ओपन येईल, तेव्हा काळजी करा.

प्रश्न : माझी अकूस्टिक हवाईयन गिटार आहे, भजन आणि भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवतो. साउंडहोलला मॅग्नेटिक पिकअप लावला तर वरच्या दोन तारा फार मोठ्या येतात, बाकीच्या दबतात. पिकअप खराब निघाला का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तारा कुठल्या आहेत ते बघा, बहुतेक ब्रॉन्झच्या असणार. मॅग्नेटिक पिकअपला लोखंड लागतं. वरच्या दोन साध्या तारा संपूर्ण स्टीलच्या, त्या पूर्ण ऐकू येतात, गुंडाळलेल्या तारांवर ब्रॉन्झ असलं तर पिकअपला आतला बारीक स्टीलचा गाभाच दिसतो, वरचं ब्रॉन्झ त्याच्या लेखी नसल्यासारखंच. निकेलच्या गुंडाळीच्या तारा लावा, स्टेजवर लगेच फरक कळेल, मायक्रोफोनशिवाय वाजवताना चमक थोडी कमी वाटेल तेवढं सोसा. पिकअपला उंचीचे स्क्रू असतील तर वरच्या तारांची बाजू खाली घ्या.

ब्रिजखालचा पिएझो (मॅग्नेटऐवजी दाब आणि कंपनावर चालणारा पिकअप) लावू का असं पण पत्रात खाली विचारलंय. गाण्याच्या साथीला मी तरी मॅग्नेटिकच ठेवेन. पिएझोत बार तारेवर घासल्याचा, टेकल्याचा खरखराट फार येतो, आणि साउंडहोलचा पिकअप ब्रिजपासून लांब असल्यामुळे आवाज आपोआप गोल असतो, गळ्याच्या जवळ जातो, मींड लांब टिकते. लतादीदींच्या गाण्याची ओळ बारवर काढताना एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधे जी जागा असते ती ऐकू येणं सगळ्यात महत्त्वाचं, त्यासाठी चमक थोडी गेली तरी चालेल पण टिकाव जायला नको.

केबलकडेही लक्ष द्या. पाच मीटरऐवजी दहा मीटरची लावलीत की केबलची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) दुप्पट होते आणि पिकअपचा जो वरचा उठाव, म्हणजे ज्या वरच्या स्वरांवर तो सगळ्यात जोरात येतो ती जागा, असतो तो खाली सरकतो, ढोबळ हिशेबाने पावणेचार हजार हर्ट्झवरचा पावणेतीन हजारांच्या आसपास येतो, म्हणजे पिकअप तोच आणि आवाज झाकलेला. व्हॉल्यूम पेडल वापरत असाल तर त्याच्या आधी एक बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट) टाका, नाहीतर तोही पिकअपवर भार टाकतो. हॉलमध्ये साउंडवाल्याची लांब केबल घेण्यापेक्षा आपली छोटी आणि पुढे डीआय बॉक्स (लांब केबलवरून मिक्सरला सिग्नल पाठवणारी डबी) हे उत्तम.

प्रश्न : सिंगल कॉइलचा हम जातच नाही. एका मित्राने अँपच्या प्लगची तिसरी पिन काढून टाक म्हणून सांगितलं. काढू का? – एक वाचक, पणजी

उत्तर : अजिबात काढू नका. तुमच्या एका हातात स्टीलचा बार, दुसऱ्या हाताच्या बोटात धातूचे पिक्स, आणि तारा सरळ अँपच्या ग्राउंडला जोडलेल्या. आत काही लीक झालं आणि अर्थिंग नसलं तर करंट तुमच्या अंगातून जाईल, पावसाळ्यात ओल्या फरशीवर तर जास्तच. घरच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि ईएलसीबी (वीज लीक झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या.

हम शोधायचा तर गिटार मांडीवर ठेवून खुर्ची हळूहळू गोल फिरवा. फिरवताना हम कमीजास्त झाला तर तो अँपच्या ट्रान्सफॉर्मरचा किंवा पंख्याच्या रेग्युलेटरचा आहे, पिकअप तो हवेतून पकडतोय, मग ज्या कोनात सगळ्यात कमी येतो तिथेच बसा, आपलं वाद्य बसून वाजवायचं असल्यामुळे हे आपल्याला जमतं. फिरवून फरक पडत नाही पण तारांना हात लावला की बझ कमी होतो असं असेल तर आतल्या पोकळीला कॉपर टेप लावून ग्राउंडला जोडून घ्या. आणि तारांना हात लावल्यावर बझ वाढला तर वाजवणं तिथेच थांबवा, अँपचा प्लग काढा आणि गिटारचं ग्राउंड व भिंतीतलं अर्थिंग दोन्ही तपासल्याशिवाय परत लावू नका.